बांध फुटण्यापूर्वी



काही रविवारांपूर्वी मिस्सा आटोपल्यावर आपल्या पॅरिशमधील एक गृहस्थ आवारातल्या कडुनिंबाखाली आमच्यासाठी थांबून होते. नदीकाठच्या एका कारखान्यात ते ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यांनी सांगितलेली गोष्ट पापनिवेदनातली नाही. ती आम्ही त्यांच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटणार नाही अशा बेताने येथे मांडत आहोत. कारखान्याचे नावही देत नाही. तसा व्हॉल्व्ह आणि तसे रजिस्टर कुठल्याही कारखान्यात असू शकते.

त्यांच्या कारखान्याच्या आवारात तेलाच्या टाक्या आहेत. टाक्यांभोवती गुडघाभर उंचीची भिंत आहे. टाकी गळली तर तेल भिंतीच्या आत राहावे, बाहेर जाऊ नये, हा तिचा उद्देश. पावसाळ्यात भिंतीच्या आत पाणी साचते. ते काढण्यासाठी एक व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्हपुढे नाली, नालीपुढे नाला आणि नाल्यापुढे नदी. म्हणून नियम असा, की व्हॉल्व्ह सदैव बंद ठेवायचा, साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही हे डोळ्यांनी पाहूनच तो उघडायचा आणि पाणी गेले की पुन्हा बंद करायचा. रोज संध्याकाळी कोणीतरी तेथे जाऊन तपासायचे आणि रजिस्टरमध्ये सही करायची. ते काम या गृहस्थांकडे होते.

ते म्हणाले, “फादर, पावसाळ्यात तिकडं घोटाभर चिखल राहते. सुपरवायझर म्हणते, सही करून टाक. महिनाभर मी न जाताच सही केली. मग एक दिवस सहज गेलो, तर व्हॉल्व्ह उघडाच! किती दिवसांपासून उघडा होता, देव जाणे. मी बंद केला. टाकी काही गळली नव्हती. तेलाचा एक थेंब गेला नाही. काही झालंच नाही, फादर. मग पाप झालं का?”

आम्ही त्यांना लगेच उत्तर दिले नाही. “पुढच्या रविवारी बोलू,” एवढेच म्हणालो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही यापेक्षा अवघड शब्दांतले प्रश्न सोडवले होते, पण यापेक्षा अवघड प्रश्न क्वचितच. आठवडाभर तो आमच्याबरोबर राहिला. त्या विचारातून जे हाती लागले, ते आज आपणा सर्वांपुढे ठेवत आहोत, कारण आपण सारेच नदीकाठचे लोक आहोत.

आपली कन्हान सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. आपल्या गावी पोहोचण्याआधी तिला पेंच आणि कोलार या नद्या मिळतात. याच परिसरात कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे आहेत, कोळशाच्या खाणी आहेत, लहानमोठे कारखाने आहेत. आपल्यातील अनेकांच्या घरची चूल त्यांच्यावर पेटते. याच नदीचे पाणी कन्हानच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नागपूर शहराच्या नळांना जाते. शहर ते वापरते, आणि त्यातले बरेचसे सांडपाणी नाग नदीतून पुढे पुन्हा कन्हानमध्येच येऊन पडते. मग अंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते पाणी गोसीखुर्द धरणात जाते. म्हणजे आपण कोणाच्या तरी खाली राहतो आणि कोणाच्या तरी वर राहतो. वरून काय येते याची तक्रार आपण करतो, ती योग्यच आहे. पण भंडाऱ्याकडचा ढीवर बांधव जाळे टाकताना वरच्या बाजूला पाहतो, तेव्हा त्याला आपणच दिसतो.

आता २०२२ सालचा पावसाळा आठवा. कोळसा जाळला की राख उरते, आणि आपल्याकडच्या कोळशात ती भरपूर असते. ही राख पाण्यात कालवून नळांतून मोठ्या बंधाऱ्यात सोडतात. तेथे राख खाली बसते, वरचे पाणी परत वापरायचे असते. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखेचा लोंढा शेतांत आणि वस्तीत शिरला, कोलार नदीत उतरला आणि तेथून कन्हानमध्ये आला. शेतात राखेचा थर बसला. नदीचा रंग बदललेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला. राख म्हणजे नुसती धूळ नव्हे. कोळशातले पारा, आर्सेनिक, शिसे यांसारखे पदार्थ तिच्यात अल्प प्रमाणात असतात. गाळणे, निवळणे आणि क्लोरीन घालणे या नेहमीच्या शुद्धीकरणाने पाणी स्वच्छ दिसते, जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेले धातू काढण्यासाठी ती व्यवस्था नसते.

आणि हे अगदी अचानक झाले असेही म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्येच मंथन अध्ययन केंद्र, सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी या दोन वीज केंद्रांच्या परिसरातील पाण्याचे व राखेचे नमुने तपासून अहवाल प्रसिद्ध केला होता. अनेक नमुन्यांत धातूंचे प्रमाण मर्यादेबाहेर असल्याचे त्यात नोंदवले होते. बंधारा फुटला तो त्यानंतर आठ महिन्यांनी.

त्या फुटलेल्या बंधाऱ्याची गोष्ट साऱ्यांनी वाचली. आपल्या गृहस्थांच्या उघड्या व्हॉल्व्हची गोष्ट कोणाला कळलीही नाही. एकीकडे शेते गेली, दुसरीकडे काहीच झाले नाही. मग दोन्ही गोष्टी एका मापाने मोजायच्या का?

असे समजा, की दोन कारखान्यांत दोन माणसे आहेत. दोघेही न जाता सही करतात. दोघांचेही व्हॉल्व्ह उघडे आहेत. एका ठिकाणी त्याच रात्री टाकी गळते आणि तेल नदीत जाते. दुसऱ्या ठिकाणी टाकी गळत नाही. पहिल्याला सारे गाव दोष देईल, दुसरा शांत झोपेल. पण या दोघांच्या कृत्यांत फरक कोणता? सही तीच, आळस तोच, खोटेपणा तोच. फरक फक्त टाकीच्या पत्र्यात आहे, आणि तो पत्रा काही दुसऱ्याच्या सद्गुणाने टिकला नव्हता. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला ‘नैतिक नशीब’ असे नाव दिले. नशिबाने वाचलेला माणूस निर्दोष ठरतो का, हा तो प्रश्न. आपल्या घरात मात्र आपण तो केव्हाच सोडवला आहे. लेकराला रेल्वे फाटकात सोडून गप्पा मारत बसलेल्या बापाला आई एवढेच म्हणून सोडत नाही, की “गाडी आली नाही ना, मग ठीक आहे.”

संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार तेराव्या शतकातच केला होता. घडलेल्या परिणामामुळे मूळचे कृत्य अधिक चांगले किंवा अधिक वाईट ठरते का, असा प्रश्न ते घेतात. त्यांच्या उत्तराचा आशय असा: जो परिणाम माणसाला आधी दिसत होता, तो त्याच्या खाती जमा होतो. जो त्याने पाहिला नाही, पण अशा कृत्यातून सहसा घडतोच, तोही त्याच्या खाती जातो. जो निव्वळ योगायोगाने, क्वचित घडतो, तेवढाच त्याच्या खात्यात जात नाही.

हे माप आपल्या प्रश्नाला लावून पाहा. जुलैमध्ये विदर्भात मुसळधार पाऊस पडणे हा योगायोग आहे का? टाकी जुनी होणे हा योगायोग आहे का? मातीचा बांध पाण्याने भरल्यावर पाझरणे हा योगायोग आहे का? बांध फुटल्यावर “अतिवृष्टी झाली, निसर्गापुढे कोणाचे चालते?” असे म्हणणे सोपे असते. पण पाऊस दरवर्षी येतो, आणि तो येणार हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही ठाऊक असते. ज्याच्याविषयी आधीच माहीत आहे, त्याला अपघात म्हणणे ही आपल्या सदसद्विवेकाला दिलेली झोपेची गोळी आहे.

अक्वायनस विवेक या सद्गुणाची अंगे सांगतात, तेव्हा त्यांत दूरदृष्टी आणि सावधपणा यांना जागा देतात, आणि हयगय हे त्या सद्गुणाविरुद्धचे पाप मानतात. मिस्साच्या आरंभी आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने केलेल्या पापांबरोबर कर्तव्यात कसूर केल्याचीही कबुली देतो. हा शेवटचा भाग आपण घाईने म्हणून टाकतो. पण नदी बिघडते ती बहुधा त्याच भागातून. नदीला विष देण्याचा बेत करून कोणी कामावर जात नाही. कोणी चिखलातून जायचे टाळतो, कोणी दुरुस्तीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलतो, कोणी तपासणीला येऊन ऑफिसातच चहा पितो. या साऱ्यांच्या सह्या मिळून बांध पोकळ होतो.

येथे आपले गृहस्थ म्हणतील, “पण फादर, मी लहान माणूस. सुपरवायझरनं सांगितलं. नाही म्हटलं तर उद्या दुसरा ठेवतील.” हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ठेकेदारीवरच्या माणसाची नोकरी किती पातळ दोरीवर असते, हे आपल्या पॅरिशला शिकवावे लागत नाही. भीती आणि दडपण यांमुळे माणसाचा दोष कमी होतो, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ज्याच्या हाती अधिकार अधिक, त्याच्यावर भार अधिक. चिखलातली वाट बांधण्यास पैसे नाकारणारा व्यवस्थापक, न जाता सही कर म्हणणारा सुपरवायझर आणि ती सही करणारा मजूर एका रांगेत उभे नाहीत.

पण दोष कमी होणे आणि दोष नसणे यांत अंतर आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या आपल्या प्रबोधनपत्रात सामाजिक पापाविषयी लिहिताना हे स्पष्ट केले, की अशी पापे म्हणजे अनेक व्यक्तिगत पापांचा साठा असतो, आणि त्यांत वाईट टाळता येत असूनही आळसाने, भीतीने किंवा बेफिकिरीने गप्प राहणाऱ्यांचाही वाटा असतो. ‘व्यवस्थाच तशी आहे’ हे वाक्य खरे असते, पण व्यवस्था सही करत नाही. सही माणूस करतो.

जपानमधील मिनामाता या गावची गोष्ट या संदर्भात आठवते. तेथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना समुद्रात पारायुक्त सांडपाणी सोडत असे. मासे खाणाऱ्या कोळ्यांना आणि त्यांच्या लेकरांना मज्जासंस्थेचा भयंकर आजार झाला. १९५६ साली कारखान्याच्याच रुग्णालयाचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी या अनोळखी आजाराची खबर सरकारी आरोग्य खात्याला दिली. १९५९ साली त्यांनी एका मांजराला कारखान्याचे सांडपाणी अन्नातून दिले. त्यांच्या नोंदीत त्या मांजराचा क्रमांक ४०० होता. त्यालाही तोच आजार झाला. कंपनीने हे निष्कर्ष बाहेर येऊ दिले नाहीत, आणि डॉक्टर गप्प राहिले. कारखान्याने ते सांडपाणी सोडणे थांबवले ते थेट १९६८ साली. १९७० मध्ये मरणशय्येवर असताना होसोकावा यांनी न्यायालयासाठी साक्ष दिली आणि मांजर क्रमांक ४०० ची गोष्ट सांगितली. १९७३ साली न्यायालयाने कंपनीला निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. त्या निकालाला त्यांच्या साक्षीचा आधार होता. पण मधल्या वर्षांत मिनामाताच्या लोकांनी ते मासे खाल्लेच.

होसोकावा वाईट माणूस नव्हते. ते आपल्यासारखे होते. म्हणून ही गोष्ट आपल्याला झोंबते. खरे बोलायला उशीर होत नाही असे आपण म्हणतो. बोलणाऱ्याच्या आत्म्याच्या बाबतीत ते खरे असेल. खाली राहणाऱ्यांच्या बाबतीत उशीर होतो.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या नावातच ‘प्रतिबंध’ हा शब्द आधी आहे, ‘नियंत्रण’ नंतर. त्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे, अपघाताने घाण पाण्यात गेली तरच नव्हे, तर जाण्याचा संभव असला तरी जागेच्या प्रमुखाने तत्काळ प्रदूषण मंडळाला कळवायचे असते. म्हणजे ‘काही झाले नाही’ ही सबब कायदासुद्धा ऐकत नाही. १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगांसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले. या दोहोंतले दुसरे सर्वांच्या तोंडी आहे, पहिले विसरले जाते. भरपाई देऊन मोकळे होता येते अशी समजूत रुजली, की दंड हा दंड राहत नाही, तो नदी घाण करण्याचा दर होतो. मग हिशेबनीस विचारू लागतो, दुरुस्ती स्वस्त की दंड स्वस्त? पण आजारी पडलेल्या लेकराची भरपाई कोणत्या दराने करणार? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्रात पिण्याच्या स्वच्छ पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले. हक्काची किंमत लावता येत नाही, म्हणूनच तो हक्क.

प्रतिबंधाची एक मोठी अडचण आहे. त्याचे फळ दिसत नाही. फुटलेल्या बांधावर वाळूची पोती टाकणाऱ्याचा फोटो छापून येतो. न फुटलेल्या बांधावर रोज फेरी मारणाऱ्याला कोणी ओळखत नाही. त्याचे काम फत्ते झाले याचा पुरावा एवढाच, की काही झाले नाही. म्हणजे ‘काही झाले नाही’ हे एकच वाक्य कामचुकार माणूसही म्हणतो आणि कर्तव्यदक्ष माणूसही म्हणतो. फरक फक्त दोघांनाच ठाऊक असतो, आणि परमेश्वराला. पिता गुप्तपणे पाहतो असे प्रभू येशूने प्रार्थना आणि दानधर्म यांविषयी सांगितले. आम्हाला वाटते, चिखलातून जाऊन बंद व्हॉल्व्हला हात लावून परत येणे हेही त्याच जातीचे काम आहे.

हे सारे लिहून झाल्यावर आमच्याच मनात एक शंका आली, आणि आम्ही पॅरिश हाउसच्या मागे जाऊन पाहिले. आमच्या संडासाची टाकी कित्येक वर्षांत उपसलेली नव्हती. ती भरून तिचे पाणी मागच्या नालीत उतरत होते, आणि ती नाली कुठे जाते हे सांगण्याची गरज नाही. गेली तीन वर्षे टाकी उपसण्याचा खर्च आम्ही स्वतःच यादीतून खोडत आलो होतो, कारण सणाआधी देवळाला रंग द्यायचा होता. रंग सर्वांना दिसतो, टाकी कोणाला दिसत नाही. रजिस्टरमध्ये न जाता सही करणारे आपले गृहस्थ एकटे नव्हते, हे आम्ही येथे सर्वांसमोर कबूल करतो. या महिन्यात टाकी उपसली आहे. यंदा रंग थांबेल.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गृहस्थांना उत्तर दिले. “होय भाऊ, चूक झाली. तेल गेले म्हणून नव्हे, तुम्ही पाहिले नाही आणि पाहिले असे लिहिले म्हणून. त्यातला तुमचा वाटा लहान आहे, पण तो तुमचा आहे. जे घडले नाही त्याबद्दल देवाचे आभार माना, त्याचे श्रेय मात्र घेऊ नका.” मग आम्ही विचारले, “आता काय कराल?” ते म्हणाले, “रोज जाईन. नाही जमलं तर सही नाही करणार.”

तसे त्यांनी केले. एका संध्याकाळी पाण्यामुळे वाट बंद होती, तर त्यांनी रकाना कोरा सोडला. त्या कोऱ्या रकान्यापायी दुसऱ्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावणे आले. बरेच ऐकून घ्यावे लागले. वाटेवर फरशा टाकू असे आश्वासन मिळाले आहे. फरशा अजून पडलेल्या नाहीत. ते अजून कामावर आहेत. उद्याचे सांगता येत नाही.

आणि येथेच आपल्या सर्वांची परीक्षा आहे. एकट्या मजुराने धैर्य दाखवावे असे व्यासपीठावरून सांगणे फार स्वस्त आहे. उद्या त्यांचे काम गेले तर आपण त्यांच्या दारी जाणार आहोत का? अशा कोणी आपल्याला येऊन सांगितले, तर ‘तुला काय करायचे?’ म्हणणार, की चार जण त्याच्याबरोबर जाऊन लेखी तक्रार देणार? प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे. आपल्यात सुपरवायझर आहेत, अभियंते आहेत, ठेकेदारही आहेत. त्यांनी या आठवड्यात आपापल्या रजिस्टरकडे एकदा पाहावे आणि विचारावे: खरे लिहिले तर माझ्या हाताखालच्या माणसाला शिक्षा होईल, अशी व्यवस्था मीच तर केली नाही ना?

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात, ३४ व्या अध्यायात, परमेश्वर कळपातल्या धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो. स्वतः निर्मळ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करता, आणि बाकीच्या मेंढरांनी ते प्यायचे, हे तुम्हाला क्षुल्लक वाटते का, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. त्या मेंढरांनी खालच्यांचा द्वेष केला असे तेथे म्हटलेले नाही. त्यांनी स्वतः पाणी प्यायले आणि उरलेले गढूळ केले.

आज घरी जाताना पुलावरून जाणाऱ्यांनी क्षणभर थांबून खालच्या बाजूला पाहावे. पाणी जिकडे जाते, तिकडेही माणसे आहेत.

प्रभू आपणा सर्वांना जागे ठेवो.